वेबहुक ‘पुढे पाठवणे’ की ‘वळवणे’? आणि ‘अंतर्गत’ म्हणजे नेमकं काय?

विचारणा: एका तांत्रिक मार्गदर्शिकेचं मराठी करते आहे. आलेला वेबहुक (काही घडलं की एक सेवा दुसऱ्या सर्व्हरला आपणहून पाठवते तो संदेश) अंतर्गत किंवा सार्वजनिक ठिकाणी फॉरवर्ड करता येतो, असं एक वाक्य आहे. फॉरवर्डसाठी ‘वळवणे’ चालेल का? आणि ‘अंतर्गत’ऐवजी ‘खासगी’ लिहिलं तर?

उत्तर: ‘वळवणे’ रिडायरेक्टसाठी राखून ठेवा. रिडायरेक्टमध्ये मधला सर्व्हर पाठवणाऱ्याला फक्त नवा पत्ता सांगतो, तिकडे जायचं की नाही हे पाठवणाराच ठरवतो. शिवाय 301 किंवा 302 हा रिडायरेक्टचा संकेतांक मिळाला की बरेच क्लायंट (विनंती पाठवणारे प्रोग्राम) मजकूर नेणाऱ्या ‘पोस्ट’ विनंतीची नुसतं मागणारी ‘गेट’ विनंती करतात आणि सोबतचा मजकूर गळून पडतो. 307 आणि 308 या संकेतांकांमध्ये तसं होत नाही. फॉरवर्डमध्ये मधला सर्व्हर विनंती स्वतः घेतो आणि पुढच्या ठिकाणी स्वतः नवी विनंती करतो. पाठवणाऱ्याला पुढचा पत्ता कळतही नाही. याला ‘पुढे पाठवणे’ हेच नेमकं आहे.

यात एक अट मात्र येते. पुढे पाठवलं म्हणजे आलं तसंच पाठवलं, असं वाचक धरून चालतो, आणि ते बरोबरच आहे. कोड साठवणारी सेवा गिटहब वेबहुकवर जी सही करते ती गुप्त किल्ली आणि कच्चा मजकूर यांवरून एचमॅक या गणिती पद्धतीने काढलेली असते. मधल्या सर्व्हरने जेसन (मजकूर ज्या साच्यात येतो तो) वाचून पुन्हा लिहिला आणि त्यात एक स्पेस इकडची तिकडे झाली, तरी शेवटच्या ठिकाणी सही जुळत नाही. मग माणसं किल्ली चुकली म्हणून तासन् तास शोधत बसतात. तुमचं साधन मजकुराला हात लावत असेल तर ‘बदल करून पाठवणे’ असं स्वच्छ लिहा.

आणखी एक मत: ‘खासगी’ला माझा विरोध आहे. आयपी पत्त्यापुरतं ते ठीक. 10 ने सुरू होणारे, 172.16 ते 172.31 आणि 192.168 हे पट्टे 1996 च्या आरएफसी 1918 या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखले आहेत. पण ‘खासगी ठिकाण’ वाचलं की डोक्यात गोपनीयता येते. इथे प्रश्न फक्त पोहोचण्याचा आहे: बाहेरून तिथे थेट जाता येत नाही, म्हणून आत बसलेला एजंट (छोटा मदतनीस प्रोग्राम) स्वतः बाहेर जोडणी उघडतो आणि वेबहुक त्या जोडणीतून आत येतो. तेव्हा ‘अंतर्गत’च ठेवा. तसंच ‘सार्वजनिक’चं ‘खुलं’ करू नका. सार्वजनिक पत्त्यावरही सही तपासली जाते, वाटेल त्याचा वेबहुक तिथे स्वीकारत नाहीत.

उत्तर: सहमत. आणि ‘अंतर्गत’ हा शब्द मार्गदर्शिकेत ठळक दिसायला हवा, कारण धोका तिथेच आहे. ठिकाणाचा पत्ता वापरकर्ता भरणार असेल तर तो 169.254.169.254 भरू शकतो. अनेक क्लाउड सेवांमध्ये त्या पत्त्यावर सर्व्हरची मेटाडेटा सेवा, म्हणजे त्या सर्व्हरचीच माहिती देणारी सेवा असते, कधी तिथे तात्पुरत्या किल्ल्याही मिळतात; आणि विनंती मधला सर्व्हर आतूनच करत असल्याने ती तिथे पोहोचते. पत्त्यातलं नुसतं नाव तपासून भागत नाही, ते नाव जोडणीच्या क्षणी कोणत्या आयपीवर जातं ते पाहावं लागतं.

विचारणा करणारी: मग असं लिहिते: ‘आलेला वेबहुक मजकुरात बदल न करता अंतर्गत किंवा सार्वजनिक ठिकाणी पुढे पाठवता येतो. अंतर्गत ठिकाणं फक्त प्रशासकाने मंजूर केलेल्या यादीतूनच निवडता येतात.’ ‘ठिकाण’ की ‘गंतव्य’?

उत्तर: ‘ठिकाण’. सेटिंगच्या रकान्यावर मात्र ‘पत्ता’ लिहा, तिथे यूआरएलच भरायचा असतो.