मदत हवी आहे: सूर ओळखण्याच्या चाचणीची वैधता कशी तपासू?

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईजवळच्या एका गावात शिक्षिका आहे, सोबत मानसशास्त्रात एम.ए. चालू आहे. संगीताची जाण मोजणाऱ्या चाचण्या आपल्याकडच्या मुलांना कितपत लागू पडतात, हा प्रबंधाचा विषय. चाचणी तयार केली, आठवी-नववीला घेऊनही पाहिली आणि तिथेच अडकले: जे मोजायचं तेच ती मोजते का, म्हणजे तिची वैधता, कशी तपासू?

२००३ च्या मॉन्ट्रियल बॅटरीचा, म्हणजे संगीताची जाण नसणं (अम्युझिया) ओळखणाऱ्या चाचणीसंचाचा, नमुना समोर ठेवला होता. दोन छोट्या सुरावटी ऐकवायच्या, मुलांनी 'सारखी' की 'वेगळी' ते लिहायचं. मूळ सुरावटी पाश्चात्त्य वळणाच्या, म्हणून मी पेटीवर वाजवून नव्या केल्या. ३० जोड्या, त्यात १५ सारख्या.

नववीतला एक मुलगा. घरात वारी, रोज हरिपाठाला पखवाज वाजवतो. त्याने तीसच्या तीस जोड्यांना 'सारखी' लिहिलं. गुण १५, म्हणजे डोळे मिटून खुणा केल्या तरी साधारण तेवढेच पडतात. मला काही पटेना. मधल्या सुट्टीत त्याला बसवून सातवी जोडी परत लावली. म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या बारीला गंधार उतरला ना. पण चाल तीच हाय की." आणि दोन्ही सुरावटी म्हणून दाखवल्या. कोमल गंधार अगदी जागेवर.

म्हणजे चाचणीच्या वेळीच त्याला फरक ऐकू आला होता. भजनात बुवा दर वेळी एखादी जागा वेगळी घेतात, तरी चाल तीच. त्याने 'सारखी' हा शब्द तसा घेतला. मग माझ्या चाचणीने नेमकं काय मोजलं?

तालाचा भाग तर मी सोडूनच दिला. त्या बॅटरीत मार्च की वॉल्ट्झ ते ओळखायचं असतं, म्हणजे दोनाची चाल की तिनाची. तीन-दोन-दोनचा रूपक ताल त्यात कुठे बसवायचा?

दुसरी अडचण निकषाची, म्हणजे गुण कशाशी ताडून पाहायचे याची. गुणांचा संबंध संगीतशिक्षणाच्या वर्षांशी दाखव, असं मार्गदर्शक सांगतात. पण 'किती वर्षं क्लास केला?' यापुढे हा मुलगा शून्य लिहितो. त्या आकड्याशी गुण जुळले, तर मी कान मोजला की क्लासची फी भरण्याची ऐपत? शिवाय दुसरी सुरावट येईपर्यंत पहिली लक्षात ठेवावी लागते, म्हणून अंक उलटे म्हणण्याची स्मरण-चाचणीही घ्यायची ठरवली आहे. एवढं पुरेल का? कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद (परभणीकर):
ताई, त्या मुलाला बोलतं केलंत हे फार चांगलं झालं. उत्तर देताना मुलाच्या मनात काय चालतं, हाही वैधतेचाच पुरावा असतो; प्रबंधात तो प्रसंग जसाच्या तसा लिहा. आता 'सारखी' शब्द काढा. 'एखादा तरी सूर बदलला का?' असं विचारा आणि आधी चार जोड्या उत्तरासह सरावाला द्या.

नुसती बेरीज करू नका, डी-प्राइम काढा, म्हणजे फरक किती ओळखता येतो ते दाखवणारा आकडा. बदललेल्या जोड्यांत 'बदलला' किती वेळा म्हटलं आणि न बदललेल्यांत चुकून किती वेळा, हे दोन्ही त्यात येतं. एकाच उत्तराकडे असलेला कलही वेगळा काढता येतो, म्हणजे परत कोणाशी बोलायचं ते कळेल.

स्मरण-चाचणी जरूर घ्या. तुमच्या गुणांचा संबंध तिच्याशीच जास्त आणि गाण्याशी कमी निघाला, तर चाचणी दुसरंच काही मोजते आहे. निकषासाठी क्लासची वर्षं एकटी नकोत. २०१४ च्या गोल्ड-एमएसआय या संगीताची जाण आणि सवयी विचारणाऱ्या प्रश्नावलीत शिक्षणाखेरीज गाण्याची क्षमता, संगीतातला सहभाग असे वेगळे भाग आहेत. तुम्ही हरिपाठ, काकडा, सप्ताह असं विचारा. आणि मुलांना सुरावट म्हणायला लावून दोन जाणकारांकडून, एकमेकांचे गुण न दाखवता, गुण घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार, दादा. उद्याच दुसऱ्या तुकडीला नव्या शब्दांत घेते. एकच विचारते, जाणकार म्हणून आमच्या भजनी मंडळाचे बुवा चालतील, की विशारद झालेलेच हवेत?

परभणीकर:
एक बुवा घ्या, एक विशारद. दोघांचे गुण जिथे जुळणार नाहीत, त्या सुरावटी आधी तपासा.