मदत हवी आहे: जुन्या थिएटरमधल्या पबात ९ जणांना एकत्र जागा कशी मिळेल?

अमोघ_८४
नमस्कार. पटकन मदत हवी आहे. स्टेशनसमोर जुन्या थिएटरमध्ये जो वेदरस्पून (ब्रिटनमधली पबांची साखळी) आहे, तिथे शनिवारी दुपारी दोनला पोचतोय. आम्ही ९ जण. टेबल राखून मिळत नाही असं कळलं. सगळे एकत्र बसतील आणि स्टेजची कमान समोर दिसेल अशी जागा कशी मिळवायची? वर सज्जा आहे म्हणतात, तिथे बसू देतात का? 'दुसरा पब बघा' असं कृपया सांगू नका, हाच हवा आहे.

निळी_बस
शहर कुठलं? ब्रिटनभर जुनी थिएटरं आणि सिनेमागृहं पब झालेली आहेत.

डीन्सगेटकर
मँचेस्टरचा 'मून अंडर वॉटर' असणार. १९१४ चं सिनेमागृह, १९९५ पासून पब. एके काळी ब्रिटनमधला सगळ्यात मोठा पब म्हणून गिनेस बुकात नोंद होती त्याची. ९ जण म्हणजे काहीच नाही तिथे. दारातून थेट शेवटपर्यंत चालत जा, मागच्या भागात मोठी टेबलं रिकामी सापडतात. पुढच्या बारपाशी लोक उगाच खोळंबतात.

तिसरी_घंटा
तो डीन्सगेट रस्त्यावर आहे, स्टेशनसमोर नाही. शिवाय ते सिनेमागृह होतं. एडिंबराचं कॅली पिक्चर हाऊस १९२३ चं, तेही सिनेमागृहच. धागाकर्ते स्टेजची कमान म्हणताहेत, म्हणजे नाटकाचं थिएटर. स्टेशनपासून चालत तीन-चार मिनिटांवर म्हणजे कार्डिफचं 'प्रिन्स ऑफ वेल्स'.

अमोघ_८४
हो, कार्डिफच. ते सांगायला हवं होतं का? असो. आता जागेचं सांगा.

निळी_बस
तारीख सांगा. त्या शनिवारी प्रिन्सिपॅलिटी स्टेडियममध्ये रग्बीचा सामना आहे का? आणि ९ मध्ये लहान मुलं किती?

अमोघ_८४
सामना आहे म्हणे, संध्याकाळी ५:४० ला. आम्ही सामन्याला जात नाही, त्यामुळे त्याचा संबंध नाही. मुलगी आहे ८ वर्षांची.

निळी_बस
संबंध आहे, खूप आहे. स्टेडियममध्ये सुमारे ७४ हजार माणसं बसतात आणि ते गावाच्या अगदी मध्यात आहे. स्टेशन, वुड स्ट्रीट, सेंट मेरी स्ट्रीट हा सगळा त्या गर्दीचा रस्ता, आणि तुमचा पब नेमका वुड स्ट्रीट आणि सेंट मेरी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. ५:४० चा सामना म्हणजे बारापासून पब भरायला लागतात. दोनला आत शिरायलाच दाराशी रांग असेल. सामन्याच्या दिवशी बहुतेक पब दारावर माणसं ठेवतात, प्लास्टिकचे ग्लास देतात, खाण्याचे पदार्थ कमी करतात, आणि मुलांना आत घेतील की नाही हे त्या दिवशीच्या व्यवस्थापकावर असतं. एरवी वेदरस्पूनमध्ये मोठ्यांबरोबर मुलं चालतात, जेवण घ्यावं लागतं आणि रात्री ठरलेल्या वेळेला मुलांना बाहेर न्यावं लागतं. सामन्याच्या दिवशी मात्र हे गृहीत धरू नका. ९ जणांना दोनला एकत्र टेबल? उभं राहायला जागा मिळाली तरी खूप.

सेव्हर्नपार
गाडीने येत असाल तर एक लक्षात घ्या. सेव्हर्न नदीवरच्या पुलाचा टोल डिसेंबर २०१८ मध्येच बंद झालाय, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. सामन्याच्या दिवशी गावातले मधले रस्ते बंद करतात, तेव्हा गावाबाहेरच्या पार्क अँड राइडला (गाडी ठेवून बसने गावात जायची सोय) गाडी लावा. आणि जो चालवणार त्याने एक पाइंटही घेऊ नये. मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम आहे, पण एका पाइंटने कोण कुठे पोचेल हे माणसागणिक बदलतं.

अमोघ_८४
गाडी नाही, ब्रिस्टलहून ट्रेन. पार्किंग कोणी विचारलं नव्हतं. जागा!

फेसाळ
जागा मिळेल हो. तिथे जाऊन नेहमीचं लागर मागवू नका, एवढं ऐका. हँडपंपवरची कास्क एल घ्या, म्हणजे पिंपातून हाताने ओढून देतात ती बिअर. तळघरात ११ ते १३ अंश सेल्सिअसला ठेवतात, म्हणून ती आपल्याकडच्या बर्फगार बिअरच्या मानाने कोमट वाटते; बिघडलेली नसते. आधी चव बघू का असं विचारा, घोटभर देतात. पसंत पडली तर हाफ घ्या, २८४ मिली. पाइंट ५६८ मिलीचा, पहिल्यांदा घेणाऱ्याला जड जातो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पिंप जुनं झालंय, ग्लास शांतपणे परत द्या, बदलून मिळतो. ब्रेन्स ही कार्डिफचीच ब्रुअरी, १८८२ ची. तिची काळी बिअर पंपावर दिसली तर सोडू नका.

कोथिंबीर
९ जणांत शाकाहारी कोणी आहे का? असेल तर कास्क एल देताना विचार करा. ती नितळ करायला बरेच ब्रुअर आयझिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ. पाटीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही.

फेसाळ
कोथिंबीर, तो पदार्थ यीस्टला धरून पिंपाच्या तळाशी बसतो. ग्लासात जवळजवळ काही येत नाही.

कोथिंबीर
ग्लासात किती येतं हा प्रश्नच नाही. बनवताना मासा वापरला का, एवढंच शाकाहारी माणूस विचारतो. हल्ली काही ब्रुअर्या ते न घालता गढूळ कास्क विकतात, पंपाच्या पाटीवर 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' लिहिलेलं असतं. गिनेस या काळ्या आयरिश बिअरमध्येही ते घालणं सोडलं आहे. सायडरमध्ये कधी जिलेटिन असतं, तेही विचारून घ्यावं. जिन, व्होडका यांना ही अडचण नाही.

अमोघ_८४
बिअर फक्त आम्ही तिघे घेणार. सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही. सासरे तर चहाच घेतील. त्यांनी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काम केलंय, त्यांना ते थिएटर आतून बघायचंय. त्यांच्यासाठीच चाललोय.

निळी_बस
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! मग दुपारी दोनला जायची गरजच काय? सकाळी जा. वेदरस्पून बहुतेक ठिकाणी सकाळी आठला उघडतात आणि न्याहारी देतात. सव्वानऊला गेलात तर जोडून बसायला टेबलं मिळतील, स्टेजची कमान विनाअडथळा दिसेल, कोणाच्या डोक्यावरून बघावं लागणार नाही. चहा-कॉफीचा कप एकदा घेतला की यंत्रावर पुन्हा भरून घेता येतो, त्यामुळे सासऱ्यांना तासभर बसलं तरी कोणी उठवायला येणार नाही. बिअर हवीच असेल तर अकरानंतर हाफ घ्या.

तिसरी_घंटा
शंभर टक्के सकाळ. सासऱ्यांसाठी माझ्याकडून थोडं. ही वास्तू १८७८ ची, थिएटर रॉयल म्हणून उघडली. त्याआधीचं थिएटर रॉयल आगीत गेलं होतं. १९२० मध्ये आतून बाहेरून मोठा फेरफार करून ग्रीक धाटणी दिली. म्हणूनच सेंट मेरी स्ट्रीटची दर्शनी बाजू आणि वुड स्ट्रीटची बाजू दोन वेगळ्या इमारतींच्या वाटतात. वुड स्ट्रीटला जुनी टोकदार गॉथिक वळणं अजून आहेत. आत जायच्या आधी दोन्ही बाजूंनी चालवून आणा, मग आतलं कळतं. वारसा म्हणून ग्रेड दोनमध्ये नोंदलेली वास्तू आहे, त्यामुळे परवानगीशिवाय कमान, प्लास्टरकाम यांना हात लावता येत नाही. बार, टेबलं, गालिचा हे सगळं उद्या उचलता येईल, पण थिएटर तसंच राहील. गालिचाही बघा, ही कंपनी बहुतेक पबांसाठी वेगळ्या नक्षीचा विणून घेते.

पेठेतला_प्रेक्षक
मला हे पटत नाही. जिथे नट उभे राहिले तिथे चिप्सच्या बशा, यात कौतुक कसलं? मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, आणि कार्यक्रमांसाठीच उघडलं. तो आदर्श घ्या. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा तिथे नाटकच परत व्हावं म्हणून सगळे उभे राहिले. तिथे हॉटेल काढा असं कोणी म्हणालं का?

तिसरी_घंटा
कोल्हापूरचं तुमचं म्हणणं मान्य, अगदी मान्य. पण ऑपेरा हाऊसला तेवीस वर्षं कुलूप होतं, आणि मालकाकडे ते सांभाळायची ताकद होती म्हणून वाचलं. रिकाम्या थिएटरचा पहिला शत्रू म्हणजे पाणी. छपराची पन्हळ तुंबते, पाणी प्लास्टरमागच्या लाकडी पट्ट्यांत जातं, पट्ट्या कुजतात, आणि एक दिवस छताची नक्षी खाली येते. इमारत वापरात असली तर रोज कोणीतरी वर बघतं, गळती त्याच आठवड्यात कळते. नाटकच व्हावं हे माझंही मत, पण नाटक परवडत नसेल तर कुलपापेक्षा गिऱ्हाईक बरं.

पेठेतला_प्रेक्षक
गळतीचं बरोबर आहे. तरीही वर्षातून एखादा दिवस टेबलं सरकवून तिथे प्रयोग व्हावा. टनब्रिज वेल्सच्या ऑपेरा हाऊसमध्ये हीच कंपनी पब चालवते, आणि तिथे असे प्रयोग झालेले आहेत. म्हणजे करता येतं.

अमोघ_८४
हे वाचून सासरे खूश होतील, पण सकाळी जायचं तर रविवारी जाऊ का मग? सामना टळेल. आणि सासरे काठी घेऊन चालतात. कानाला यंत्रही आहे.

सेव्हर्नपार
रविवारी ब्रिस्टलहून पहिली गाडी उशिरा असते, आणि सेव्हर्न बोगद्यात दुरुस्ती निघाली तर बस करावी लागते. नऊला पोचणं कठीण. शनिवारच धरा. आठच्या सुमाराची गाडी घ्या, टेंपल मीड्सहून (ब्रिस्टलचं मुख्य स्टेशन) साधारण पाऊण-एक तास. सामन्याची गर्दी त्या वेळी नसते. तिकिटं ग्रुपसेव्हने काढा: ३ ते ९ जण एकत्र असले की ऑफ-पीक (गर्दी नसलेल्या वेळेच्या) भाड्यावर एक तृतीयांश सूट, आणि शनिवार-रविवार दिवसभर ऑफ-पीकच असतो. परतताना कार्डिफ सोडायला दीडच्या पुढे जाऊ नका. सामना सुटल्यावर स्टेशनबाहेरच्या चौकात गाड्यांच्या दिशेप्रमाणे रांगा लावतात, काठीवाल्या माणसाला तिथे तासभर उभं करू नका.

निळी_बस
काठीबद्दल: थिएटरची जमीन मुळात स्टेजकडे उतरती असते. पब करताना ती सपाट करता येत नाही तिथे टप्पे पाडतात, म्हणून अशा पबांत मध्येच दोन-तीन पायऱ्या येतात आणि गालिच्यामुळे पायरीची कड दिसत नाही. सासऱ्यांच्या आधी कोणीतरी एक चक्कर मारून यावं, मगच त्यांना आत न्यावं. सज्जाचा हट्ट धरू नका. वर बसू देतात का, जिन्याशिवाय दुसरी वाट आहे का, हे बारवर विचारा. दिवसागणिक वरचा भाग बंदही ठेवतात. वेदरस्पूनची स्वच्छतागृहंही बरेचदा लांब आणि जिन्यावर असतात. खालचं अपंगांसाठीचं असतं ते कुठे आहे आणि त्याला किल्ली लागते का, हे टेबल निवडायच्या आधी विचारा आणि त्याच बाजूला बसा.

तिसरी_घंटा
यंत्रासाठी जागा नीट निवडा. हे छत स्टेजवरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायला बांधलेलं असतं. आता खालून शंभर माणसं बोलतात तर त्यांचा गलका वर जाऊन मध्यावर परत पडतो, आणि यंत्र तो सगळा कानात भरतं. भर मध्यातलं टेबल घेऊ नका. सज्जाच्या खाली, पाठ भिंतीला, तोंड कमानीकडे असं बसवा. तिथे छत खाली असल्याने शेजारचं बोलणं कळतं आणि स्टेज पूर्ण चौकटीत दिसतं. एकदा मात्र त्यांना मध्यावर उभं करून वर बघायला सांगा.

कोथिंबीर
सासूबाईंसाठी: शाकाहारी न्याहारीत अंडं असतं, म्हणून व्हीगन न्याहारी मागवा. त्यातले हॅश ब्राऊन (बटाट्याच्या वड्या) तळलेले असतात, आणि तळणीच्या तेलात आणखी काय जातं ते मेनूच्या तळटीपेत बघा. तेही नको असेल तर टोस्ट, बीन्स, मशरूम, टोमॅटो. न्याहारी दुपारच्या आधी बंद होते.

अमोघ_८४
ठरलं. शनिवारी सव्वानऊ. पैसे प्रत्येकाने वेगळे द्यायचे झाले तर?

निळी_बस
ॲपवरून मागवा. प्रत्येकाने आपल्या फोनवर एकच टेबल नंबर टाकायचा, ज्याचे त्याचे पैसे कार्डाने जातात. आधी टेबल पकडा, नंबर टेबलावरच असतो. दोन टेबलं जोडली तर दोन नंबर होतात, त्यातला एकच सगळ्यांनी वापरा, नाहीतर निम्म्या बशा दुसऱ्या टोकाला जातात. पदार्थ तयार होतील तसे येतात, सगळं एकदम येत नाही. मुलीचं आधी मागवा. मुख्य म्हणजे ॲपमध्ये पब निवडताना शहराचं नाव तपासा. प्रिन्स ऑफ वेल्स नावाचे पब गावोगावी आहेत, आणि कार्डिफमध्ये याच कंपनीचे आणखीही आहेत. पैसे गेले आणि चहा भलत्याच पबात गेला तर बारवरचा माणूस काही करू शकत नाही, त्या दुसऱ्या पबला फोन करावा लागतो. आणि बिअर घेणाऱ्या तिघांत कोणी पंचविशीच्या आतला दिसत असेल तर पासपोर्ट किंवा इथलं लायसन्स ठेवा, आधार कार्ड चालत नाही.

फेसाळ
अकरानंतर हाफ घेणार असाल तर ॲप बंद ठेवा आणि बारवर जा. पंपावर आज काय लावलंय ते ॲपमध्ये नेहमी बरोबर नसतं, आणि चवही तिथेच बघायला मिळते.