स्पेन ट्रिप – फक्त कामाचं बोला

कुलकर्णी काका (ए-१०१), रात्री ९:१२
देशपांडे, तुम्ही टाकलेली पीडीएफ चष्मा लावून दोनदा वाचली. दहा दिवसांत 'वाइन' हा शब्द सात वेळा. मोंसेरातचं देवस्थान एकदा, तेही 'अर्धा दिवस'. मी पैसे भरले तेव्हा बार्सिलोना आणि देवदर्शन असं ठरलं होतं. हंपीच्या वेळचंच पुन्हा होणार असेल तर आत्ताच सांगा.

देशपांडे (ॲडमिन), ९:१५
काका, हंपीचा विषय मिटलाय. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मिटलाय.

कुलकर्णी काका, ९:१६
तुमच्यापुरता.

सावंत (बी-५०४), ९:१७
सर्व सभासदांस सूचना: पासपोर्टची मुदत शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने हवी. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. कृपया तपासावे.

अमेय (सी-२०३), ९:१८
सात वेळा मोजलं काकांनी 😂 मला पाचच दिसले.

कुलकर्णी काका, ९:१९
'कावा' म्हणजे पण तेच, फसफसणारी वाइन. मी नातवाला विचारलं.

नीलिमाताई (ए-४०२), ९:२४
काका, रागावू नका. गेल्या वर्षी आम्ही लेकीकडे गेलो तेव्हा हे सगळं पाहिलंय. मी स्वतः घेत नाही, तरी सान सादुर्नी गावातलं वाइनचं तळघर बघून आले ते कायमचं लक्षात राहिलं. कोदोर्निऊ या वाइन घराण्याची जुनी इमारत पुच इ कादाफाल्क या वास्तुविशारदाची, आत गेलं की देवळाच्या सभामंडपासारख्या कमानी. १८७२ मध्ये त्याच घराण्यातल्या राव्हेन्तोसने तिथे पहिली कावा केली. खाली लाकडी घोड्यांवर बाटल्या मान खाली करून खोचलेल्या. पूर्वी माणूस रोज येऊन प्रत्येक बाटली हातभर नाही, बोटभर फिरवायचा. गाळ हळूहळू बुचापाशी जमतो. मग ती मान गोठवायची, बूच काढायचं, गाळाचा बर्फ फट्‌कन बाहेर. आमच्या गाइडने एक बाटली दिव्यासमोर धरली, तर आत गाळ अगदी आमसुलाच्या साराच्या तळाशी बसतो तसा.

मंजिरी वहिनी (बी-१०२), ९:२६
ताई, छानच. पण व्हेजचं काय? मागे विचारलं होतं, उत्तर नाही आलं.

शिंदे दादा (सी-००१), ९:३१
द्राक्षाचा विषय निघाला म्हणून बोलतो. आमची निफाडची बाग सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे वेलाला झोप नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी. तिकडे थंडीत वेल झोपतो, छाटणी एकच. आपला माल जानेवारी ते एप्रिल, त्यांचा ऑगस्टपासून पुढे. म्हणजे आपण जातोय तेव्हा तिकडच्या पेनेदेस भागातल्या बागांत तोडणी चालू असणार. मी तर त्यासाठीच येतोय.

शिंदे दादा, ९:३३
आणि प्रिओरात हा द्राक्षाचा भाग वगळू नका. तिथे मांडव नाही, झुडपासारखे वेल, उभ्या डोंगरउतारावर. माती म्हणजे काळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे. एकरी उतारा अगदी कमी. ट्रॅक्टर चढत नाही तिथे खेचर वापरतात. आपल्याकडे असल्या जमिनीवर माणूस बँकेकडे सुद्धा जाणार नाही, आणि स्पेनमध्ये वाइनचा सगळ्यात वरचा दर्जा फक्त दोन भागांना आहे, रिओहा आणि हा.

जोगळेकर (बी-३०१), ९:३४
शिंदे, आधी माझ्या गाडीमागची तुमची गाडी काढा. सकाळी साडेसहाला निघायचंय.

शिंदे दादा, ९:३४
काढतो. ५ मिनिटं.

सावंत, ९:३५
पासपोर्टची मुदत शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने हवी. अजून फक्त चार जणांनी कळवलं आहे.

अमेय, ९:३८
मी १०४ दिवस ॲपवर स्पॅनिश शिकतोय, सलग. ऑर्डर मीच देणार.

नीलिमाताई, ९:४०
दे की. पण दुकानात शिरताना 'बॉन दिया' म्हण, 'ब्वेनोस दियास' नको. तिकडची कॅटलान वेगळी भाषा आहे, स्पॅनिशची बोली नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शाळेत, कचेरीत बंदी होती, घरातून टिकली. नुसतं 'बॉन दिया' ऐकून पाववाल्या आजीबाई माझ्याशी पाच मिनिटं बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही.

जोगळेकर, ९:४२
स्पेनमध्ये राहायचं तर स्पॅनिश बोला ना सरळ. उगाच कशाला.

मंजिरी वहिनी, ९:४३
भाऊजी, हेच वाक्य उद्या दादर स्टेशनबाहेर मोठ्याने म्हणून दाखवा.

देशपांडे, ९:४३
भाषेवर इथे नको. ग्रुपचं नाव वाचा.

जोगळेकर, ९:४४
गाडी अजून तिथेच आहे.

नीलिमाताई, ९:४७
मंजिरी, व्हेजचं राहिलं. पावावर पिकलेला टोमॅटो घासतात, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. 'पा आम्ब तोमाकेत'. सकाळ-संध्याकाळ मिळतं. 'एस्कालिवादा' म्हणजे विस्तवावर भाजलेलं वांगं, ढोबळी मिरची, कांदा, सोलून लांब लांब फाडलेले. आपलं भरीत, फक्त न कुस्करलेलं. वर मासा ठेवत नाहीत ना ते आधी विचारायचं.

मंजिरी वहिनी, ९:४८
मी चटण्या घेतेच आहे. दाण्याची आणि लसणाची.

कुलकर्णी काका, ९:५०
माझ्या मूळ प्रश्नाला कोणी उत्तर दिलेलं नाही.

देशपांडे, ९:५२
काका, मोंसेरात पूर्ण दिवस करून घेतो. कंपनीशी बोललो, म्हणतात बघू.

कुलकर्णी काका, ९:५३
'बघू' हंपीलाही म्हणाले होते.

नीलिमाताई, ९:५६
काका, मोंसेरातची मेरीमाता काळी आहे. मोरेनेता म्हणतात, म्हणजे सावळी. मूर्तीभोवती काच, पण हातातला गोल तेवढा काचेबाहेर. रांग लावून लोक त्या गोलाला हात लावतात. मला तर पंढरपूरची पदस्पर्शाची रांगच आठवली. वर दातेरी रुळांची गाडी जाते, चढायला नको.

कुलकर्णी काका, ९:५७
हे पीडीएफमध्ये नाही.

अमेय, ९:५८
मोंसेरातच्याच मठाच्या नावाने वनस्पतींचं मद्य विकतात काका. दुकान देवळाशेजारीच 🙏

शिंदे दादा, १०:०१
अमेय, गप. काका, प्रिओरात हे नावच मठाच्या प्रायरवरून, म्हणजे मठप्रमुखावरून पडलंय. तिथल्या एस्कालादेईला बाराव्या शतकात कार्थुझियन पंथाचे ख्रिस्ती साधू आले, द्राक्षवेल त्यांनी वाढवला. दंतकथा अशी की एका मेंढपाळाला तिथे पाइनच्या झाडावरून देवदूत शिडीने चढताना दिसले. पुढे एकोणिसाव्या शतकात मुळाला लागणाऱ्या किडीने सगळ्या बागा गेल्या. मग अमेरिकन खुंटावर कलमं केली. आपण निफाडला डॉगरिजवर करतो, तो खुंटही अमेरिकेचाच. गाडी काढली आहे.

जोगळेकर, १०:०२
आभार. पंचवीस मिनिटांनी.

अमेय, १०:०५
३० ऑगस्टचं विसरू नका, विलाफ्रांका गावात मानवी मनोरे. दहा-दहा थर!

मंजिरी वहिनी, १०:०७
आपल्या हंडीला सहाव्या थराला सगळे हात जोडायला लागतात.

नीलिमाताई, १०:१०
तिथे वर हंडी नसते. टोकावरच्या पोराने हात वर केला की मनोरा झाला. पण मोजणी तिथे संपत नाही, सगळे न पडता खाली उतरले तरच पूर्ण. पोरं इवलीशी, हेल्मेट घातलेली. कमरेला लांबलचक कापड, एक जण टोक धरतो आणि दुसरा गिरक्या घेत घट्ट गुंडाळतो, वरचे त्याच पट्ट्यावर पाय देऊन चढतात. मनोरा चढत असताना सनईसारखं वाद्य वाजतं, त्याच्या सुरावरून खालच्या गर्दीतल्यांना कळतं वर काय चाललंय, त्यांना मान वर करता येत नाही.

जोगळेकर, १०:१२
आपल्याकडे १४ वर्षांखालच्यांना बंदी आणि तिकडे युनेस्कोचा मान. २०१० पासून.

देशपांडे, १०:१३
त्यावर वेगळा ग्रुप काढा.

सावंत, १०:१४
पासपोर्टची मुदत शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने हवी. आता पाच जण.

देशपांडे, १०:१६
पोल टाकतो. वाइनरी दोन ठेवायच्या की एक. उद्या रात्रीपर्यंत मत द्या.

कुलकर्णी काका, १०:२०
माझं मत मी दिलेलं आहे. शिंदे, तुम्ही त्या बागेत जाल तेव्हा आतल्या चाखण्याच्या खोलीत जावंच लागतं का?

शिंदे दादा, १०:२१
अजिबात नाही. तुम्ही माझ्याबरोबर वेलीत फिरा. आत बाकीचे जातील.

कुलकर्णी काका, १०:२३
बूट कोणते लागतील?

शिंदे दादा, १०:२४
दगडी आहे. तळ जाड घ्या.

*कुलकर्णी काकांनी मेसेज डिलीट केला*

अमेय, १०:२७
काका, काय लिहिलं होतंत?

कुलकर्णी काका, १०:२८
काही नाही. झोपा.