मदत हवी आहे: पणजीत भाड्याने सायकल आणि दिवाडीवरून नार्व्याला जायचा शांत रस्ता

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरहून आंबोलीमार्गे गाडीने पणजीला येतोय, तीन दिवस. बीच वगैरे होईलच, पण खरं कारण आमचे अण्णा (सासरे, वय ६९). त्यांना नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जायचंय आणि तेही सायकलवरून. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार केला ते देऊळ, आणि देव मूळचा दिवाडी बेटावरचा, पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे आला, हे सगळं त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की आता पोरगापण म्हणतो आपण बेटावरूनच जायचं. अण्णांनी अख्खी नोकरी सायकलवर केली, अजून रोज दहा-बारा किलोमीटर होतात, त्यामुळे त्यांची काळजी नाही. काळजी माझी आणि ११ वर्षांच्या पोराची.

तर प्रश्न असे की पणजीत स्कूटर पावलापावलाला मिळते, पण साधी सायकल दिवसभरासाठी कुठे बघायची? आणि लहान मुलाची मिळते का? अण्णांना गिअरची नको, "त्यात बिघडायला जास्त असतं" असं त्यांचं मत. पणजी ते जुनं गोवं हा रस्ता मुलासोबत जमण्यासारखा आहे का? फेरीबोटीत सायकल घेतात ना? गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरात भाड्याने घेतली होती तर सीट सारखी खाली सरकायची, चेन दोनदा उतरली, आणि वर आधीच असलेल्या ओरखड्यासाठी डिपॉझिटमधले पैसे कापले, त्यामुळे जरा धास्ती आहे.

प्रतिसाद १
ताई, पोराची सायकल घरूनच आणा, पुढचं चाक काढलं की डिकीत बसते. भाड्याने मोठ्यांच्याच मिळतात आणि त्यासुद्धा बहुतेक गिअरच्या, अण्णांना सांगा एकाच गिअरवर ठेवून चालवा, कुणी बघत नाही :) पणजीतल्या फोंतेन्याश या जुन्या वस्तीच्या बाजूला सायकल टूरवाले आहेत, नुसती सायकल देता का म्हणून आदल्या दिवशी विचारा. घेताना दुकानदारासमोरच सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीटचा बोल्ट आवळून घ्या, पंप आणि जादा ट्यूब मागा. ओळखपत्राची झेरॉक्स द्या, ओरिजिनल ठेवून घेऊ देऊ नका.

प्रतिसाद २
मी पणजीचाच. बायपासने अजिबात जाऊ नका, तिथे गाड्या सुसाट असतात. पणजीच्या पाटो भागातून रिबंदरचा जुना रस्ता धरा. सुरुवातीचा तीनेक किलोमीटरचा बांध १६३०च्या दशकातला, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, सकाळी सातच्या आत निघालात तर फार सुंदर, नऊनंतर ऑफिसची गर्दी सुरू होते आणि रस्ता अरुंद, मुलाला तिथे नकोच. जुन्या गोव्यापर्यंत साधारण दहा किलोमीटर. तिथल्या धक्क्यावरून दिवाडीची फेरीबोट, सायकल चढवतात, माझ्याकडे कधी कुणी पैसे मागितले नाहीत. पलीकडे उतरलात की खरी मजा, दोन्हीकडे खाजणं (बांध घातलेली खाडीकाठची शेतं), मध्ये सरळ रस्ता, बगळे. सावली मात्र औषधालाही नाही, टोप्या आणि पाणी घ्या. बेटावरच्या पिएदाद गावातल्या चर्चकडे जाताना चढ लागतो, तिथे मीपण उतरून ढकलतो. चर्चच्या स्मशानभूमीतल्या छोट्या चॅपलमध्ये कदंब राजांच्या काळातलं नक्षीकाम उरलंय, अण्णांना नक्की दाखवा. मग बेटाच्या उत्तर टोकाला दुसरी फेरी, ती नार्व्याला सोडते. देऊळ २०२३ मध्ये डागडुजी होऊन परत उघडलंय.

एक महत्त्वाचं, ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त (वार्षिक उत्सव) असतं. त्या दिवशी आणि आधीच्या नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या) दिवसांत जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते. ५ नंतरचा दिवस धरा. आणि दुपारी एक ते चार दुकानं बंद, जेवण सोबत ठेवा नाहीतर उपाशी फिराल.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे! आम्ही नेमकं ३ लाच जायचं म्हणत होतो, वाचलो. आता असं ठरवतोय की मी आणि अण्णा पणजीतून सकाळी सायकलवर निघू, आणि आमचे हे पोराला आणि त्याची सायकल गाडीत घालून धक्क्यावर भेटतील, पुढे मी, अण्णा आणि पोरगा सायकलवर जाऊ आणि चढ बघून माझा विचार बदलला तर मी पिएदादच्या चर्चपाशीच थांबेन. चॅपलचं ऐकून अण्णा खूश, गिअरचं ऐकून नाहीत. फक्त एक राहिलं, जुन्या गोव्याच्या धक्क्याजवळ गाडी दिवसभर लावता येते का, की जुन्या गोव्यातल्या चर्चच्या पार्किंगमध्येच ठेवावी लागेल?