गॉल्जी संकुलातली कुंडे जागेवरच असतात की पुढे सरकतात?

प्रश्न : पुस्तकातल्या आकृतीत गॉल्जी संकुलाची, म्हणजे पेशीत प्रथिनांवर प्रक्रिया करून ती पुढे पाठवणाऱ्या अंगकाची, चपटी कुंडे (पटलाच्या पिशव्या) थप्पी लावल्यासारखी स्थिर दिसतात आणि पीटिका (पटलाचे छोटे फुगे) प्रथिने एका कुंडातून दुसऱ्यात नेतात. दुसरीकडे कुंडच पुढे सरकतं असं वाचलं. खरं काय? आणि लयकारिकेची (पेशीतल्या पचनाच्या पिशवीची) विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, नेमकी लयकारिकेतच कशी पोचतात?

उत्तर १ : आज जास्त पुरावे ‘कुंड सरकतं’ या बाजूचे आहेत, वाद मात्र पुरता मिटलेला नाही. प्रोकोलॅजनचा (कोलॅजन या प्रथिनाच्या आधीच्या रूपाचा) दांडा सुमारे 300 नॅनोमीटर लांब, नेहमीची पीटिका 50 ते 100 नॅनोमीटरची. मावणार कसा? तरी तो कुंडातून बाहेर न पडता थप्पी ओलांडतो. म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेकडच्या (प्रथिने जिथून येतात त्या पटलांच्या जाळ्याकडच्या) निर्मितीक्षम बाजूला नवं कुंड तयार होतं आणि परिपक्व बाजूकडे जाता जाता त्याची विकरं बदलतात. जुनी विकरं कॉप-१ या प्रथिन-आवरणाच्या पीटिका मागच्या कुंडात नेतात. आकृतीतला पीटिकांचा बाण इथेच उलटा हवा. बेकरीच्या यीस्टमध्ये कुंडे थप्पीत नसून सुटी असतात. त्यामुळे 2006 मध्ये जिवंत पेशीत एकाच कुंडातली आधीची विकरं जाऊन नंतरची येताना थेट पाहता आली.

उत्तर २ : लयकारिकेचं काम पत्त्यावर चालतं, आणि पत्ता दोन पायऱ्यांत लिहिला जातो. सुरुवातीच्या कुंडांत एक विकर मॅनोज साखरेच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेट बसवतं, पण त्यावर एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन या दुसऱ्या शर्करेची टोपी असते. परिपक्व बाजूला दुसरं विकर ती काढतं. मग तिथला ग्राही (ओळखून पकडणारं प्रथिन) ही खूण, म्हणजे मॅनोज-6-फॉस्फेट, पकडतो आणि पुढे एंडोसोममध्ये (लयकारिकेच्या वाटेवरच्या पिशवीत) आम्लता वाढली की सोडतो. पहिलंच विकर निकामी असेल तर आय-सेल रोग होतो : विकरं बनतात, पण पत्त्याविना पेशीबाहेर जातात. रक्तात ती भरपूर सापडतात आणि लयकारिका न पचलेल्या मालाने फुगतात.

उत्तर ३ : ‘प्रथिनांना साखर गॉल्जीत लागते’ असं नेहमी सांगतात, ते अर्धंच. प्रथिनातल्या नायट्रोजनवर जोडली जाणारी 14 शर्करांची साखळी आंतर्द्रव्यजालिकेतच एकगठ्ठा बसते. गॉल्जी ती छाटतं आणि नव्या शर्करा जोडतं. म्युसिनसारख्या (श्लेष्मातल्या) प्रथिनांवर ऑक्सिजनवरची पहिली शर्करा मात्र गॉल्जीतच लागते.

प्रश्नकर्ता : मग कॉप-१ बनूच दिलं नाही तर?

उत्तर १ : ब्रेफेल्डिन-ए हे औषध नेमकं तेच करतं. आवरण चढवायला लागणारं आर्फ-१ हे प्रथिन सक्रिय होत नाही, आवरण चढत नाही आणि बऱ्याच सस्तन पेशींत काही मिनिटांत गॉल्जीची बहुतेक पटलं आंतर्द्रव्यजालिकेत मिसळतात. औषध धुऊन काढलं की थप्पी पुन्हा उभी राहते.