फुकट हायपरव्हायजर, बरोबरच्या खुणा आणि शनिवार-रविवारचं मायग्रेशन

रात्रपाळी

कोरडा पाषाण यांनी काल या फोरमवर हायपरव्हायजरचा, म्हणजे एका मशीनवर (होस्टवर) अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, एक तक्ता टाकला. व्हीएमवेअर, प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही, एक्ससीपी-एनजी असे चार रकाने, समोर लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं), स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद), एचए (होस्ट पडला की त्यावरच्या व्हीएम आपोआप दुसरीकडे सुरू होणं), बॅकअप आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. खाली निष्कर्ष: प्रॉक्समॉक्समध्ये सगळं आहे, फुकट आहे, शनिवार-रविवारात हलवून मोकळे व्हा, अजून व्हीएमवेअरला पैसे मोजणारे आळशी. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

राग कशाचा आहे ते आधी मान्य करतो. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता फक्त सबस्क्रिप्शन, तेही कोरवर, आणि प्रत्येक प्रोसेसरचे किमान १६ कोर धरून. ज्याच्याकडे ८ कोरचे जुने प्रोसेसर आहेत तो नसलेल्या कोरचे पैसे भरतो. फुकटचं ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर) फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून घेतलं, एप्रिल २०२५ मध्ये परत दिलं. अशा धरसोडीवर धंदा चालवणाऱ्याने विसंबू नये, इथपर्यंत आपलं एकमत आहे.

पण त्या बरोबरच्या खुणा फसव्या आहेत. स्नॅपशॉटचंच घ्या. तुमच्याकडे सॅन, म्हणजे सगळ्या होस्टना सामायिक असलेलं वेगळं स्टोरेज आहे, त्यातला एक लन (डिस्कसारखा दिसणारा तुकडा) सगळ्या होस्टना दिसतो. व्हीएमवेअर त्यावर आपली व्हीएमएफएस ही फाइलसिस्टिम टाकतं, सगळे होस्ट एकाच वेळी लिहितात, स्नॅपशॉट निघतो, थिन डिस्क (वापरेल तेवढीच जागा घेणारी) चालते. प्रॉक्समॉक्सकडे व्हीएमएफएसच्या तोडीचं काही नाही. तिथे त्याच लनवर शेअर्ड एलव्हीएम (लिनक्सची डिस्कची जागा वाटायची पद्धत) करावं लागतं, म्हणजे डिस्क थिक (पूर्ण जागा आधीच अडवणारी) आणि स्नॅपशॉट नाही. ऑगस्ट २०२५ च्या ९.० आवृत्तीत त्यावर तोडगा आला, पण ‘टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू’, म्हणजे चाचणीपुरता म्हणून. ज्याने सॅनमध्ये मोठी रक्कम घातली आहे त्याला हे मायग्रेशनच्या मध्यात कळलं तर काय करायचं? तक्त्यात दोघांनाही सारखीच खूण.

दुसरं, ते शनिवार-रविवारचं प्रकरण. विंडोजची व्हीएम नुसती उचलून व्हर्टआयओ स्कझी (प्रॉक्समॉक्सकडची आभासी डिस्क-जोडणी) डिस्कवर ठेवली की निळा स्क्रीन येतो, कारण बूट होताना त्या डिस्कचा ड्रायव्हर लोडच होत नाही. आधी डिस्क साटा (विंडोजच्या ओळखीची जोडणी) म्हणून जोडायची, शेजारी एक छोटी रिकामी व्हर्टआयओ डिस्क लावायची, ड्रायव्हर घालायचा, बंद करायचं, मग मूळ डिस्क बदलायची. व्हीएमवेअर टूल्स व्हीएम हलवण्यापूर्वीच काढायची, नंतर ती धड निघत नाहीत. नेटवर्क कार्ड नवं दिसतं, स्टॅटिक आयपी जुन्या अदृश्य कार्डाला चिकटलेला राहतो. एकेक गोष्ट किरकोळ आहे. चाळीस व्हीएमला गुणा, मग शनिवार-रविवार मोजा.

निवड करायची तर आपल्याच हार्डवेअरवर, आपल्याच लोडखाली उभं करून मोडून बघा. होस्टची वीज काढा. स्टोरेजची एक वायर उपटा. डेटास्टोअर (व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा) काठोकाठ भरू द्या. बॅकअपमधून अख्खी व्हीएम परत आणा आणि घड्याळ लावा. त्या वेळी जे काय होतं ते तुम्ही विकत घेताय.

कोरडा_पाषाण

माझं नाव घेऊन एवढं लिहिलंत, तर उत्तर देतो.

तुमच्यासारख्या जाणत्यांनी घातलेल्या भीतीमुळेच लोक दर वर्षी मान तुकवून रिन्युअल भरतात. प्रॉक्समॉक्सच्या पोटातलं केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलचा भाग आहे. गुगल क्लाउड त्यावर चालतं, अॅमेझॉनचं नायट्रो त्यावरच बेतलंय. प्रॉक्समॉक्स २००८ पासून आहे. हे कुणाचं कॉलेजचं प्रोजेक्ट नव्हे. आणि मायग्रेशनचं म्हणाल तर २०२४ पासून प्रॉक्समॉक्समधली इम्पोर्टची सोय थेट ईएसएक्सआयला जोडून व्हीएम ओढून घेते.

आमचा अनुभव सांगतो. रिन्युअलचं कोटेशन मागितलं, रिसेलर आठवडेच्या आठवडे ‘दर ठरायचेत’ म्हणत राहिला. मुदत तोंडावर आल्यावर आकडा पाठवला, तो आधीच्या कितीतरी पट, आणि आम्हाला नको असलेल्या चार गोष्टी बांधून. आमच्याकडे तीन होस्ट, लोकल डिस्क. झेडएफएस रेप्लिकेशन (एका होस्टच्या डिस्कची प्रत दुसऱ्यावर पाठवणं) लावलं, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर (पीबीएस) लावला, काम झालं. सॅन कुणाकडे असतं? बहुतेकांकडे गरज नसताना कुणीतरी गळ्यात मारलेलं असतं.

रात्रपाळी

‘सॅन कुणाकडे असतं’ हे वाक्य तुमच्या ऑफिसपुरतं खरं आहे. तक्ता मात्र तुम्ही जगासाठी टाकला होता. तीन होस्ट, लोकल डिस्क, पीबीएस, या मांडणीला माझा आक्षेप नाही, मी स्वतः तेच सुचवलं असतं. पण झेडएफएस रेप्लिकेशन ठरावीक अंतराने होतं. होस्ट गेला तर शेवटच्या रेप्लिकेशननंतरचं सगळं गेलं. हे तुमच्या अकाउंट्सवाल्यांना कुणी सांगितलंय का?

विहंगा

तुम्ही दोघं हायपरव्हायजरच्या किमतीवर भांडताय आणि विंडोजच्या लायसन्सबद्दल कुणीच बोलत नाही. हायपरव्हायजर कुठलाही घ्या, विंडोज सर्व्हरच्या नेहमीच्या फिजिकल कोरवरच्या लायसन्समध्ये होस्टचे सगळे कोर मोजावे लागतात, किमान १६. स्टँडर्ड एडिशनमध्ये त्यावर दोनच व्हीएम. आणखी दोन हव्यात तर पुन्हा सगळे कोर मोजा. आणि व्हीएम क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या होस्टमध्ये) इकडून तिकडे जाणार असतील तर प्रत्येक होस्टवर जास्तीत जास्त किती येऊ शकतात तेवढ्याचं लायसन्स त्या प्रत्येक होस्टला हवं. आमच्याकडे ऑडिट झालं तेव्हा नेमकं इथेच पकडलं. डेटासेंटर एडिशन घेतलेलं असेल तर हायपर-व्ही त्यातच आहे, वेगळा छदाम नाही. पण त्याचं नाव काढलं की लोक नाकं मुरडतात.

कोरडा_पाषाण

नाक मुरडायला कारण आहे. फुकटचा हायपर-व्ही सर्व्हर २०१९ नंतर बंदच केला ना? एका मालकाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?

विहंगा

ज्याच्याकडे नव्वद टक्के व्हीएम विंडोजच्या आहेत तो त्या दारात आधीपासूनच उभा आहे. ते तुमच्या तक्त्यात कुठे दिसलं नाही.

आडवा_प्रश्न

मध्येच विचारतो. आमच्याकडे दोनच होस्ट आहेत, तिसऱ्याचं बजेट नाही. प्रॉक्समॉक्सवर एचए होईल का?

कोरडा_पाषाण

होईल. क्लस्टर करा, एचए चालू करा. दहा मिनिटांचं काम आहे.

मुक्ता

कृपा करून असं अर्धवट सांगू नका. हे वाचून उद्या कुणीतरी खरंच करेल.

दोन होस्टच्या क्लस्टरमध्ये दोन मतं. कोरमला, म्हणजे क्लस्टरला काही ठरवायला, बहुमत लागतं, म्हणजे दोन्ही. एक होस्ट गेला की उरलेल्याकडे बहुमत नाही; त्याचं कॉन्फिगरेशन फक्त वाचता येतं, नवी व्हीएम सुरू होत नाही. एचएमध्ये घातलेल्या व्हीएम त्यावर चालू असतील तर वॉचडॉग (होस्टवर लक्ष ठेवणारा टायमर) साधारण मिनिटभरात तो होस्टही रिस्टार्ट करतो. म्हणजे एक मेला म्हणून दुसराही आडवा. तिसरं मत हवंच. ते क्यू-डिव्हाइस नावाच्या छोट्या सेवेने देता येतं, एखाद्या छोट्याशा लिनक्स मशीनवर चालतं, फक्त ते मशीन या दोन होस्टच्या बाहेर हवं. मी त्याच क्लस्टरमधल्या व्हीएमवर क्यू-डिव्हाइस ठेवलेला पाहिलाय.

आणि तीन होस्ट असले तरी सुटका नाही. एका ठिकाणी मला पहाटे बोलावलं. तिन्ही होस्ट रोज मध्यरात्रीनंतर एकदम रिस्टार्ट होत होते. बसवून देणाऱ्याने कोरोसिंक (होस्टना एकमेकांच्या संपर्कात ठेवणारी सेवा) आणि बॅकअप एकाच नेटवर्क पोर्टवर टाकलेले. रात्री बॅकअप सुरू झाला की लाइन तुंबायची, कोरोसिंकची पॅकेटं उशिरा पोचायची, प्रत्येक होस्टला वाटायचं आपण एकटे पडलो, आणि तिघेही स्वतःला रिस्टार्ट करायचे. एचए नसती तर त्या कंपनीचं एक मिनिटही वाया गेलं नसतं. कोरोसिंकला वेगळा पोर्ट आणि दुसरी लिंक दिली, प्रकार थांबला.

रात्रपाळी

मुक्ताताई, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही जास्त नेमकं सांगितलंत. याच ठिकाणी व्हीएमवेअरचे पैसे कशाचे होते ते दिसतं. तिथे होस्ट एकमेकांना नेटवर्कवर दिसले नाहीत तर शेअर्ड डेटास्टोअरवरचा हार्टबीट (दुसरा जिवंत असल्याची खूण) बघतात, आणि एकच व्हीएम दोन ठिकाणी सुरू होऊ नये हे व्हीएमएफएसचं लॉक सांभाळतं. दोन होस्ट आणि एक सॅन, तिसरं मत लागत नाही.

कोरडा_पाषाण

आणि दोन होस्टच्या व्हीसॅनला (होस्टच्याच डिस्क जोडून केलेलं व्हीएमवेअरचं शेअर्ड स्टोरेज) विटनेस लागतो ते का सांगत नाही? तिसरं मत तिथेही लागतंच. शेअर्ड स्टोरेज असेल तरच तुमचा मुद्दा खरा, आणि मग सगळा भार त्या एका सॅनवर. तिचा कंट्रोलर गेला की तुमचे दोन्ही होस्ट शोभेचे.

रात्रपाळी

व्हीसॅनचं बरोबर आहे. सॅनला दोन कंट्रोलर असतात म्हणून भार असह्य होत नाही, पण व्हीसॅनचं बरोबर आहे.

आडवा_प्रश्न

म्हणजे एचए नको?

मुक्ता

तुमच्या मालकांना विचारा, होस्ट गेला तर किती वेळ थांबू शकता. एचएने व्हीएम बंद पडायची थांबत नाही. ती पडते, मग दुसऱ्या होस्टवर नव्याने बूट होते, वीज गेल्यावर होते तशीच. डेटाबेस आपली रिकव्हरी करत बसतो. प्रॉक्समॉक्समध्ये मेलेला होस्ट खरंच मेलाय याची खात्री होईपर्यंतचा वेळ आणि बूटचा वेळ धरून काही मिनिटं जातातच. मॅनेजमेंटला मात्र ‘आता कधीच बंद पडणार नाही’ असं सांगून मंजुरी घेतलेली असते. अर्धा तास चालत असेल तर दोन स्वतंत्र होस्ट, रेप्लिकेशन आणि कागदावर लिहिलेली पद्धत पुरते. माणसाने बघून, खात्री करून दुसरीकडे सुरू करायचं.

कोरडा_पाषाण

आणि तो माणूस सुट्टीवर असला तर? एचए वापरणाऱ्या सगळ्यांना तुम्ही मूर्ख ठरवताय. माझ्याकडे ती नीट चालते.

मुक्ता

मूर्ख कुणालाही म्हटलेलं नाही. ‘दहा मिनिटांचं काम’ हे तुम्ही लिहिलंत, आणि अशा दहा मिनिटांमागे पहाटे निस्तरायला मी जाते. तुमच्या तीन होस्टवर कोरोसिंक वेगळ्या पोर्टवर आहे का? स्विच रिस्टार्ट करून पाहिलाय का? तेवढं सांगा.

कोरडा_पाषाण

वेगळ्या पोर्टवर आहे. स्विच एकच आहे. रिस्टार्ट केलेला नाही.

मुक्ता

मग स्विचचं फर्मवेअर अपडेट करायच्या आधी एचए बंद करा. नाहीतर एका अपडेटमध्ये तिन्ही होस्ट खाली येतील.

विहंगा

एचए राहू द्या, रॅन्समवेअरचं काय? २०२४ मध्ये उघड झालेलं आठवतं ना, ईएसएक्सआय डोमेनला (कंपनीच्या एकत्रित विंडोज लॉगिनला) जोडलेलं असेल तर डोमेनमध्ये ‘ईएसएक्स अॅडमिन्स’ नावाचा नुसता ग्रुप तयार करायचा, त्यातल्या माणसाला होस्टचे पूर्ण अधिकार मिळायचे. हल्लेखोरांनी ते वापरलं. हायपर-व्हीचा होस्ट डोमेनमध्ये, बॅकअप सर्व्हरही त्याच डोमेनमध्ये, हेही तितकंच वाईट, आणि हे मी हायपर-व्हीची बाजू घेणारी म्हणून सांगतेय. बॅकअपचं लॉगिन वेगळं ठेवा, एक प्रत अशी ठेवा की होस्टवरून पुसताच येणार नाही. तक्त्यातली ‘बॅकअप’पुढची खूण यातलं काहीच सांगत नाही.

कोरडा_पाषाण

ठीक आहे. सॅनचा रकाना वाढवतो, एचएपुढची खूण काढून ‘तिसरं मत आणि वेगळं नेटवर्क लागतं’ असं लिहितो. ‘आळशी’ मात्र मागे घेणार नाही. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कितीतरी आधीपासून माहीत होतं, तरी हातावर हात ठेवून बसलेले मी पाहिलेत.

रात्रपाळी

त्यांच्याबद्दल मलाही सहानुभूती नाही. तक्त्यात सपोर्टचाही रकाना घाला. प्रॉक्समॉक्सचं सबस्क्रिप्शन कोरवर नसून सॉकेटवर (प्रोसेसरच्या संख्येवर) आहे, हे उत्तमच. पण कंपनीचा थेट सपोर्ट ऑस्ट्रियातल्या कामाच्या दिवशी, तिथल्या कार्यालयीन वेळेत. रात्री दोनला फोन उचलणारा हवा असेल तर तसा पार्टनर शोधून त्याच्याशी करार करावा लागतो, आणि तो खर्च ‘फुकट’मध्ये धरलेला नसतो.

आडवा_प्रश्न

ठरलं. दोन होस्ट, रेप्लिकेशन, एचए नाही, पीबीएस तिसऱ्या जुन्या मशीनवर. आधी चाचणी करणार. कशापासून सुरुवात करू?

मुक्ता

रिस्टोअरपासून. सगळ्यात मोठी व्हीएम घ्या, तिचा बॅकअप करा, परत आणा, अॅप्लिकेशन उघडून बघा. जुन्या मशीनमध्ये साध्या फिरत्या डिस्क असतील तर इथेच कळेल. पीबीएस डेटाचे बारीक तुकडे करून ठेवतं, रिस्टोअरला ते विखुरलेले वाचावे लागतात आणि फिरत्या डिस्कला दम लागतो. शिवाय व्हीएम बंद करून सुरू केली की पुढचा बॅकअप अख्खी डिस्क नव्याने वाचतो, पाठवतो फक्त बदललेलं. त्यामुळे होस्टच्या पॅचिंगसाठी व्हीएम बंद केल्या असतील त्या रात्री वेळ जास्त लागला तर घाबरू नका.

कोरडा_पाषाण

आणि दोन्ही होस्टचे प्रोसेसर एकाच पिढीचे आहेत का ते आधी बघा. नसतील तर व्हीएमचा सीपीयू टाइप ‘होस्ट’ (खऱ्या प्रोसेसरसारखाच) ठेवू नका, लाइव्ह मायग्रेशनमध्ये व्हीएम गोठते किंवा कोसळते. ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ निवडा, दोन्हीकडे चालेल.

आडवा_प्रश्न

एक जुना आहे, एक नवा. बदलतो.