रीपर: नव्या प्रोजेक्टचं रेकॉर्डिंग त्याच्याच फोल्डरमध्ये कसं पाठवायचं?

प्रश्न — मंद्रसप्तक

रीपर या ऑडिओ रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडून थेट रेकॉर्ड दाबलं की डब्ल्यूएव्ही (ऑडिओच्या) फायली डॉक्युमेंट्समधल्या 'रीपर मीडिया' फोल्डरमध्ये जातात. तीन वेगवेगळ्या कामांच्या फायली तिथे एकत्र पडल्या आहेत. नावं सगळी ०१-२६०२१४_१९०३ अशा धाटणीची, त्यामुळे कुठली कशाची ते कळत नाही. मला रेकॉर्डिंग दुसऱ्या एसएसडीवर, प्रत्येक प्रोजेक्टच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये हवं आहे. प्रेफरन्सेसमध्ये पाथ (फोल्डरचा पत्ता) बदलला, पण टेम्प्लेटवरून (आधी सेव्ह केलेल्या साच्यावरून) उघडलेला प्रोजेक्ट अजून जुन्याच जागी लिहितो. आधीच्या फायली कशा हलवायच्या, तेही सांगा. विंडोज ११ आहे.

उत्तर — खर्ज

फाइल कुठे जाणार हे रीपर एका ठरलेल्या क्रमाने बघतं. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये मीडियाचा पाथ भरलेला असेल तर तो. तो रिकामा असेल आणि प्रोजेक्ट सेव्ह झालेला असेल तर प्रोजेक्टचं फोल्डर. प्रोजेक्ट सेव्हच झालेला नसेल, तरच प्रेफरन्सेसमधला डिफॉल्ट रेकॉर्डिंग पाथ. तुम्ही या तिसऱ्या पायरीवर बदल केलात, पण टेम्प्लेट पहिल्या पायरीवरच अडवतंय.

आधी प्रेफरन्सेस (कंट्रोल + पी) → जनरल → पाथ्स. नवे प्रोजेक्ट सेव्ह करण्याच्या जागेत डी:\रेकॉर्डिंग्ज असं काहीतरी द्या. डिफॉल्ट रेकॉर्डिंग पाथला मात्र वेगळं फोल्डर द्या, डी:\बेवारस म्हणा हवं तर. मग त्यात पडलेली प्रत्येक फाइल सेव्ह न केलेल्या प्रोजेक्टची, हे बघताक्षणी कळतं.

नंतर त्याच खिडकीतल्या 'प्रोजेक्ट' पानावर 'प्रॉम्प्ट टू सेव्ह ऑन न्यू प्रोजेक्ट'ला टिक करा. माझ्या मते सगळ्यात मोलाची टिक हीच. प्रोजेक्ट उघडतानाच नाव विचारलं जातं, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी फोल्डर तयार असतं. सेव्हच्या खिडकीत खाली 'क्रिएट सबडिरेक्टरी फॉर प्रोजेक्ट' आहे, तीही टिक हवी. नाहीतर सगळ्या आरपीपी फायली (रीपरच्या प्रोजेक्ट फायली) आणि त्यांचं ऑडिओ पुन्हा एकाच फोल्डरमध्ये गोळा होईल.

उत्तर — सुरपेटी

टेम्प्लेटचा उपाय: ते टेम्प्लेट उघडा, ऑल्ट + एंटर दाबा, मीडिया टॅबवर जा. पाथच्या चौकटीत सी:\ पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता दिसेल. तो पुसून फक्त एक शब्द लिहा, समजा 'ऑडिओ'. आधी ड्राइव्हचं अक्षर नसलं की रीपर ते नाव प्रोजेक्टच्या फोल्डरपासून मोजतं, म्हणून प्रत्येक नव्या प्रोजेक्टला आपलं स्वतःचं ऑडिओ फोल्डर मिळतं. मग टेम्प्लेट त्याच नावाने पुन्हा सेव्ह करा. टेम्प्लेटशिवाय उघडणाऱ्या प्रोजेक्टसाठी हाच शब्द भरून त्याच खिडकीतलं 'सेव्ह ॲज डिफॉल्ट प्रोजेक्ट सेटिंग्ज' दाबा.

पडलेल्या फायली एक्सप्लोररमधून ओढून हलवू नका. प्रोजेक्टला त्या सापडणार नाहीत आणि आयटम (ट्रॅकवरचे ऑडिओचे तुकडे) ऑफलाइन दिसतील. प्रोजेक्ट रीपरमध्ये उघडा, फाइल → सेव्ह प्रोजेक्ट ॲज, सबडिरेक्टरीची टिक, आणि त्याखालची मीडिया 'कॉपी'ची टिक. 'मूव्ह' तेव्हाच वापरा जेव्हा ती डब्ल्यूएव्ही दुसऱ्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये नाही याची खात्री असेल. एकच टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) दोन प्रोजेक्टमध्ये वापरला असेल आणि तुम्ही मूव्ह केलं, तर दुसरा प्रोजेक्ट मुका होतो. झाल्यावर एखाद्या आयटमवर एफ२ दाबून सोर्स फाइलचा पत्ता वाचा, तो नवा हवा. डॉट रीपीक्स फायली मागे राहिल्या तर राहू द्या. त्यात फक्त वेव्हफॉर्मचं चित्र असतं, रीपर ते पुन्हा बनवतं.

आणि ट्रॅकला रेकॉर्ड करण्याआधी नाव द्या. ते फाइलच्या नावात उतरतं: ०१-तबला-… असं. नंतर ट्रॅकचं नाव बदललं तरी डिस्कवरच्या फाइलचं बदलत नाही.

उत्तर — लयकारी

विंडोज ११ वर डॉक्युमेंट्स फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हच्या बॅकअपखाली असतं. चालू रेकॉर्डिंगची फाइल सतत वाढत असते आणि सिंक तिलाच हात घालू बघतं. शिवाय जागा मोकळी करताना जुने टेक फक्त ऑनलाइन ठेवले गेले, तर प्रोजेक्ट उघडताना ते आधी डाउनलोड व्हावे लागतात. म्हणून रेकॉर्डिंग सिंकबाहेरच्या जागी ठेवा आणि बॅकअप काम संपल्यावर घ्या.

एसएसडी बाहेरून जोडायची असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला एक अक्षर ठरवून द्या. वर्णमालेच्या शेवटाकडचं, आर वगैरे, म्हणजे पेनड्राइव्ह लावला तरी ते कुणी पळवत नाही. ड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओला सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात, म्हणजे साधारण ४ तास ८ मिनिटांनी भिंत. साध्या डब्ल्यूएव्हीची मर्यादाही तीच, पण तिथे मीडिया टॅबवर आरएफ६४ (मोठ्या फायलींसाठीचा डब्ल्यूएव्हीचा प्रकार) निवडता येतं. जागेचा अंदाज: याच दर्जाला एक मोनो ट्रॅक तासाला ५१८ एमबी, आठ माइक लावले तर ४.१५ जीबीच्या आसपास.

मंद्रसप्तक

टेम्प्लेटमध्ये खरंच सी:\ चा पूर्ण पत्ता होता. 'ऑडिओ' लिहिल्यावर नवा प्रोजेक्ट बरोबर जागी लिहितोय. आता वाया गेलेले टेक काढायला 'क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी' वापरू का?

खर्ज

वापरा, पण एका फोल्डरमध्ये एकच आरपीपी असेल तरच. ही सोय फक्त उघडलेला प्रोजेक्ट बघते. शेजारी 'मिक्स २' नावाची दुसरी आरपीपी असेल, तर तिला लागणारे टेकही ती न वापरलेले म्हणून यादीत दाखवते. रिसायकल बिनमध्ये पाठवण्याची टिक चालू ठेवा आणि त्याआधी अनडू हिस्टरीच्या भरवशावर राहू नका: पुसलेली फाइल अनडूने परत येत नाही.